मोटारीची शक्ति कोठून येते ?

नांदेड किंवा लातूर येथील एखादा गृहस्थ मोटार विकत घ्यावयास निघाला म्हणजे विक्रेत्याच्या दुकानांत त्याच्या तोंडून जे दोन-तीन प्रश्न हटकून बाहेर पडतात, त्यांत "एंजिन किती सी. सी. चें ?" हा एक असतो. उत्तर मिळतांच त्याची मुद्रा एक तर प्रसन्न होते किंवा किंचित् पडते. पैलवानाच्या वजनावरून त्याच्या ताकदीचा अंदाज बांधावा, त्याप्रमाणें सी. सी. च्या आंकड्यावरून मोटारीच्या शक्तीचा अंदाज बांधण्याची संवय सर्वत्र रूढ झालेली आहे. ही संवय अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु वजनदार पैलवान दर वेळीं कुस्ती मारतोच असें नाहीं, हें जसें कोणीहि जाणता प्रेक्षक सांगेल, तसेंच एंजिनाविषयींहि आहे.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ सालीं अमेरिकेंत बाजारांत आणलेली 'मॉडेल टी' ही मोटार घ्यावी. १९२७ पर्यंत या एका जातीच्या दीड कोटि मोटारी तयार झाल्या. तिचें एंजिन सुमारें २९०० सी. सी. चें, म्हणजे आजच्या चांगल्या मोठ्या जीपगाडीला शोभेल असें होतें. पण त्याची शक्ति किती, तर अवघी २० अश्वशक्ति. आतां १९८३ च्या डिसेंबरांत भारतांतील रस्त्यांवर आलेली, आणि पुढें तीस वर्षें मध्यमवर्गीय घरांतील जणूं एक माणूसच होऊन बसलेली मारुति ८०० घ्यावी. तिचें एंजिन ७९६ सी. सी. चें, म्हणजे फोर्डच्या एंजिनाच्या चतुर्थांशाहून थोडेंसेंच मोठें. आणि शक्ति सुमारें ३७ अश्वशक्ति! आकार साडेतीन पटींनीं घटला आणि शक्ति जवळजवळ दुप्पट झाली. याहून जवळचें उदाहरण हवें असेल तर टाटांच्या टियागो आणि नेक्सॉन या दोन गाड्यांचें आहे. दोहोंचीं पेट्रोल एंजिनें ११९९ सी. सी. चींच, पण एकीची शक्ति सुमारें ८५ अश्वशक्ति, तर दुसरीची सुमारें १२०. तेव्हां सी. सी. च्या आंकड्यांत शक्तीचें सगळें रहस्य सांपडत नाहीं, हें उघड आहे. मग तें सांपडतें कोठें ?

मराठवाड्यांतील विहिरींवर तेलाचीं व विजेचीं एंजिनें येण्यापूर्वीं मोटा चालत असत, हें जुन्या मंडळींच्या स्मरणांत असेल. एका मोटेनें तासाभरांत किती पाणी निघेल, हें तीन गोष्टींवर अवलंबून असे. पहिली, मोट केवढी आहे; दुसरी, बैल तासाला किती खेपा करतात; आणि तिसरी, भरलेली मोट वर येईपर्यंत तिच्यांतून किती पाणी गळून पुनः विहिरींत पडतें. एंजिनाचा हिशेब अक्षरशः असाच आहे. मोटेचा आकार म्हणजे सी. सी.; खेपांची संख्या म्हणजे मिनिटास होणारे फेरे; आणि गळती म्हणजे जी उष्णता काम न करतांच धुराड्यावाटे व रेडिएटरवाटे निघून जाते ती. ही गळती कमी करण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ज्याला कारखान्यांतील मिस्त्री नुसतें 'कॉम्प्रेशन' म्हणतात, तें वाढविणें.

प्रथम आकाराविषयीं. सिलिंडर म्हणजे एक गुळगुळीत नळकांडें, आणि त्यांत खालींवर सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. दट्ट्या अगदीं वरच्या टोंकापासून अगदीं खालच्या टोंकापर्यंत गेला असतां जेवढी जागा मोकळी होते, तेवढे त्या सिलिंडरचे सी. सी., म्हणजे घन सेंटिमीटर. मारुति ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७२ मिलिमीटर. शाळेंत शिकलेल्या वृत्तचितीच्या सूत्रानें हिशेब केला तर एका सिलिंडरचे सुमारें २६५ सी. सी. येतात, आणि तीन सिलिंडरांचे ७९६. मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत पूर्वीं बनत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचा व्यास ६८ आणि धांव ७५, सिलिंडर चार. म्हणून ती १०८९ सी. सी. ची. अँबॅसडरची धांव तब्बल ८८.९ आणि व्यास ७३. ती १४८९ ची. ज्यांच्या घरीं या गाड्यांचीं जुनीं पुस्तकें अजून जपून ठेवलेलीं असतील, त्यांनीं हा हिशेब मुलांकडून करवून पाहण्यासारखा आहे.

आकाराचें महत्त्व पेट्रोलमुळें नसून हवेमुळें आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पेट्रोल हवें तेवढें ओततां येतें. तें द्रव आहे, त्याला जागा ती किती लागणार? पण एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते, आणि हवा ही मोठी जागाखाऊ वस्तु आहे. मारुतीच्या एका सिलिंडरांत एका वेळीं फार तर तीन दशांश ग्रॅम हवा मावते; तिच्या जोडीला पेट्रोल लागतें तें अवघें दोन शतांश ग्रॅम, म्हणजे टांचणीच्या डोक्याएवढा एक थेंब. याहून अधिक पेट्रोल सोडलें तर तें न जळतां काळ्या धुराच्या रूपानें बाहेर पडेल. एंजिनाची भूक ही अशी हवेनें ठरते, आणि सी. सी. म्हणजे त्याच्या एका घांसाचें माप. नेक्सॉनच्या एंजिनास जोडलेला टर्बो नांवाचा पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरानें फिरतो व आंत हवा कोंबतो; घांस तेवढाच दिसला तरी त्यांत अन्न अधिक असतें. पस्तीस अश्वशक्तींचा फरक पडतो तो मुख्यत्वेंकरून येथें.

आतां कॉम्प्रेशनकडे वळावयाचें. दट्ट्या खालीं असतांना सिलिंडरांत जेवढी एकूण जागा असते, ती दट्ट्या वर गेल्यावर किती पटींनीं आकसते, या आंकड्यास दाबप्रमाण किंवा कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. वरील २६५ सी. सी. च्या सिलिंडरांत दट्ट्या वर गेल्यावर डोक्याशीं ३३ सी. सी. जागा उरत असेल, तर खालीं असतांना एकूण जागा २९८ सी. सी. झाली, २९८ ला ३३ नीं भागिलें कीं नऊ आले. दाबप्रमाण नऊास एक. उरणारी जागा साडेतीन सी. सी. नें कमी केली, म्हणजे पाऊण चमचाभर, कीं प्रमाण दहावर जातें. एवढ्याशा जागेसाठीं जगांतील एंजिनकारांनीं शंभराहून अधिक वर्षें डोकीं खाजविलीं आहेत, ही मौजेची गोष्ट आहे.

पॅरिस येथें १८६० सालीं लन्वार यानें जें वायूचें एंजिन केलें, त्यांत मिश्रण दाबण्याची योजनाच नव्हती. दट्ट्या अर्धवट खालीं गेला कीं ठिणगी पडे. एंजिन चाले, पण त्यास पुरविलेल्या उष्णतेपैकीं शेंकडा चार-पांच भागांचेंच काम होई. मिश्रण अगोदर दाबून मग पेटवावें, हें तत्त्व बो द रोशा या फ्रेंच माणसानें १८६२ मध्यें एका पुस्तिकेंत मांडलें, आणि जर्मनींत निकोलस ऑटो यानें १८७६ मध्यें तें चार धांवांच्या एंजिनांत प्रत्यक्ष उतरविलें. खालीं येतांना हवा-पेट्रोल ओढून घ्यावयाचें, वर जातांना तें दाबावयाचें, पेटवून दट्ट्या खालीं रेटावयाचा, आणि पुनः वर जातांना धूर बाहेर टाकावयाचा : आज नांदेडच्या रस्त्यावरून जाणारी कोणतीहि पेट्रोल मोटार हेंच करीत असते.

मिश्रण दाबल्यानें शक्ति कां वाढते, याविषयीं एक गैरसमज आहे. दाबलेल्या मिश्रणाचा भडका मोठा होतो म्हणून, असें सामान्यतः सांगितलें जातें. भडका दोहोंकडे सारख्याच पेट्रोलचा, तेव्हां निघणारी उष्णताहि सारखीच. फरक आहे तो ती उष्णता वापरण्याच्या संधींत. तापलेला वायु फुगतांना दट्ट्यास ढकलतो आणि ढकलतां ढकलतां थंड होतो; त्याची उष्णता म्हणजेच केलेलें काम. दाबप्रमाण चार असलेल्या एंजिनांत तो वायु चौपट फुगला न फुगला तोंच झडप उघडते आणि अजून रसरशीत असलेला वायु धुराड्यावाटे निघून जातो. प्रमाण नऊ असेल तर त्यास नऊपट फुगावयास मिळतें, आणि बाहेर पडतांना तो बराच निवलेला असतो. मोट गळण्याची थांबते ती अशी.

गणितानें पाहिलें तर दाबप्रमाण चार असतां उष्णतेपैकीं शेंकडा ४३ भागांचें काम व्हावें. आठ असतां ५६. दहा असतां ६०. आणि बारा असतां ६३. प्रत्यक्ष एंजिनांत भिंतींना जाणारी उष्णता, घर्षण व इतर नुकसान धरून याच्या निम्म्याहून कांहींसें अधिक पदरीं पडतें, परंतु चढता क्रम हाच राहतो. या आंकड्यांकडे थोडें निरखून पाहावें. चारावरून आठावर गेल्यास एक तृतीयांशाएवढा नफा. पण आठावरून बारावर, तितक्याच उडीनें, आठव्या हिश्शाएवढाच. पुढें पुढें नफा आटत जातो, आणि जोखीम मात्र वाढत जाते. म्हणूनच जाहिरातींत अमक्या गाडीचें कॉम्प्रेशन अकरा आणि तमक्या गाडीचें साडेदहा असा झगडा असतो, तेव्हां त्यावर फार भुलूं नये. त्या अर्ध्या आंकड्याचा लाभ शेंकडा एकाच्या आसपास असतो.

येथवर आल्यावर फोर्ड आणि मारुति यांचें कोडें सोडवितां येतें. फोर्डचें एंजिन मिनिटास १६०० फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ति देई. मारुतीचें ५००० फेऱ्यांवर देतें. दर दोन फेऱ्यांस एकदां हवा आंत येते. म्हणजे फोर्डनें मिनिटास सुमारें २३०० लिटर हवेस जागा करून दिली, आणि मारुतीनें सुमारें २०००. मोट लहान, पण खेपा तिप्पट. तेव्हां आकाराचा बहुतेक सर्व फरक केवळ वेगानेंच भरून निघाला. उरली शक्ति, ती मात्र दुप्पट कशी ? फोर्डचें दाबप्रमाण चार होतें, मारुतीचें नवाच्या जवळपास. या एका कारणानें दीडपटीच्या आंतबाहेर वाढ होते. उरलेला वांटा श्वासाचा आहे. फोर्डच्या झडपा लहान, वाटा वांकड्यातिकड्या. २३०० लिटरांची जागा असली तरी तीत खरोखर भरे ती हवा पुष्कळच कमी. आकार, वेग, दाब आणि श्वास या चार गोष्टींपैकीं जाहिरातींत मोठ्या अक्षरांनीं छापली जाते ती पहिलीच, कारण ती मोजावयास सोपी आहे.

दाब वाढविण्यानें एवढा लाभ होतो, तर तो वीस-पंचवीसपर्यंत कां नेऊं नये ? सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक तापतें, हा अनुभव प्रत्येकास आहे. दाबलेली हवा तापते. नऊपट दाबलेलें मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वींच ४०० अंशांच्या घरांत गेलेलें असतें. ठिणगी पडल्यावर ज्योत वाळल्या गवताच्या रानांतील आगीसारखी एका बाजूनें दुसरीकडे सरकत जावी, अशी अपेक्षा असते. पण पुढें सरकणारी ही आग आपल्यापुढील न जळलेल्या मिश्रणास आणखी दाबते व आणखी तापविते. आणि तें सहनशक्तीच्या पलीकडे गेलें कीं ज्योतीची वाट न पाहतां कोपऱ्यांतील सगळी गंजी एकदम भडकते. सिलिंडरांत हातोडीचा घाव बसल्यासारखा आवाज होतो. चढावर वरच्या गिअरमध्यें गाडी रेटली असतां बोनेटखालून जो टण्-टण् आवाज येतो, तो हाच. यास नॉकिंग म्हणतात. तें फार वेळ चाललें तर दट्ट्यास भोंक पडतें.

नॉकिंगला दाद न देण्याचा इंधनाचा जो गुण, त्याचें माप म्हणजे ऑक्टेन. या एका गुणासाठीं विसाव्या शतकानें मोठी किंमत मोजली आहे. अमेरिकेंत थॉमस मिज्ली यास १९२१ सालीं असें आढळलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलमध्यें किंचित् मिसळलें तर नॉकिंग थांबतें. १९२३ पासून तें पेट्रोल विकावयास लागलें. एंजिनांचें दाबप्रमाण चढत गेलें, मोटारी जोरदार झाल्या, आणि प्रत्येक शहराच्या हवेंत शिसें पसरलें. शिसें मुलांच्या मेंदूस विषासमान आहे, ही गोष्ट तेव्हांहि अगदींच अज्ञात नव्हती. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतील शेवटच्या देशांत, अल्जीरियांत, तें २०२१ मध्यें बंद झालें. चार-दोन अंकांच्या दाबप्रमाणाकरितां जवळजवळ शंभर वर्षें हा व्यवहार चालला.

डिझेल एंजिनानें ही अडचण उलटी करून सोयीची केली. तें नुसती हवाच दाबतें, आणि दाबतें तें सोळा-अठरा पटींनीं. हवा साडेपांचशें-सहाशें अंशांपर्यंत तापते. मग तींत तेलाचा फवारा सोडला कीं तें आपोआप पेटतें. ठिणगीची गरजच नाहीं, आणि अगोदर पेटण्याची भीति नाहीं, कारण अगोदर आंत इंधनच नसतें. १८९७ मध्यें रुडॉल्फ डिझेल याच्या एंजिनानें उष्णतेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काम करून दाखविलें, तें याच बळावर. मात्र एवढा दाब सोसण्यास एंजिन जड करावें लागतें, आणि जड एंजिन फार वेगानें फिरत नाहीं. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं जी मोटार-वाहतूक सुरू केली, तिच्यापासून आजच्या एस. टी. पर्यंत मराठवाड्याच्या रस्त्यांवर बसगाड्यांचे पुष्कळ प्रकार येऊन गेले. त्यांपैकीं टाटांच्या बसगाड्यांत दीर्घकाळ असलेलें सहा सिलिंडरांचें डिझेल एंजिन ५६७५ सी. सी. चें होतें, आणि त्याची शक्ति शंभर-सव्वाशें अश्वशक्तीच. दर लिटरमागें पाहिलें तर मारुतीच्या निम्म्यानेंहि नाहीं. परंतु तें मिनिटास अडीच-तीन हजारच फेरे करी, लाखों मैल टिके, आणि साठ उतारूंसह घाट चढे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचीं, १९४६ नंतर विहिरीविहिरींवर जाऊन बसलेलीं पांच घोड्यांचीं एंजिनें याच कुळांतलीं. मोटेस निवृत्त केलें तें त्यांनींच.

कागदावरची शक्ति आणि रस्त्यावरची शक्ति यांत मराठवाड्याचें हवामानहि आपला वांटा मागतें. कारखान्यांत मोजलेली अश्वशक्ति ठराविक दाबाच्या व माफक उष्णतेच्या हवेंत मोजलेली असते. मे महिन्यांत नांदेडला पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हां हवा विरळ होते. जानेवारींतील १२ अंशांच्या पहांटेशीं तुलना केली तर तेवढ्याच जागेंत सुमारें दहावा हिस्सा हवा कमी मावते. घांस तेवढाच, अन्न कमी. त्यांत नांदेड गोदाकांठीं, तर लातूर बालाघाटच्या पठारावर. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें लातूरकडे जातांना हवेचा दाब किंचित् उतरत जातो. दर हजार फुटांस शक्ति शेंकडा तीन भागांनीं घटते, तेव्हां या प्रवासांत दोनएक टक्के जातात. हा तोटा क्षुल्लक आहे. क्षुल्लक नाहीं तो चढ. माणसांसह हजार किलो भरलेली लहान मोटार विसास एक अशा चढावर तासीं ६० किलोमीटरच्या वेगानें न्यावयाची, तर केवळ वजन वर उचलण्यासच ११ अश्वशक्ति खर्चीं पडतात. वातानुकूल यंत्र तीन-चार घेतें. उन्हानें तीन-चार अगोदरच खाल्लेल्या असतात. ३७ अश्वशक्तीच्या गाडीचा चालक अशा वेळीं मुकाट्यानें खालचा गिअर टाकतो, म्हणजेच खेपा वाढवितो. जो हट्टानें वरचाच गिअर धरून बसतो, त्यास टण्-टण् ऐकावयास मिळतें. तापलेली हवा आणि मंद फेरे हीं दोन्ही नॉकिंगचींच आवडतीं निमित्तें.

अलीकडे या विषयास एक नवें आणि लातूर-नांदेडकरांच्या अगदीं अंगणांतलें वळण मिळालें आहे. तें म्हणजे पेट्रोलमधील इथेनॉल. ही कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां हिंदुस्थानांत मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बांधून त्यांच्या वायूवर गाड्या चालविण्यांत आल्या. वायु कसहीन असल्यामुळें शक्ति एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटे. उसाच्या मळीपासून काढलेला अल्कोहोल पेट्रोलमध्यें मिसळण्यासाठीं १९४८ मध्यें भारतांत स्वतंत्र कायदाहि झाला. पुढें पेट्रोल स्वस्त झालें आणि हा विचार मागें पडला. २०२५ मध्यें मात्र देशांतील पेट्रोलमध्यें शेंकडा वीस भाग इथेनॉल हें उद्दिष्ट गांठलें गेलें, आणि मांजरा नदीच्या खोऱ्यांतील साखर कारखान्यांचा ऊस साखरेऐवजीं मोटारीच्या टांकींतहि जाऊं लागला.

यामुळें मोटारमालकांत जी कुरकुर आहे, ती खरी किती आणि खोटी किती, हें वरील विवेचनावरून सहज पडताळून पाहतां येतें. एक लिटर इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते. वीस टक्के मिश्रणांत दर लिटरमागें उष्णता सुमारें सात टक्क्यांनीं कमी होते. तेव्हां मायलेज घटतें ही तक्रार यथार्थ आहे. परंतु शक्तिहि तेवढीच घटते, असें मात्र नाहीं. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते. एक भागास नऊ भागच. सिलिंडरांतील तेवढ्याच हवेंत इथेनॉल अधिक जाळतां येतें, आणि हवेच्या हिशेबानें पाहिलें तर दोहोंची उष्णता जवळजवळ सारखीच भरते. आतां एंजिनाची भूक हवेनें ठरते हें वर आलेंच आहे. म्हणून जी मोटार इंधनाचें प्रमाण स्वतः जोखून बदलते, तिच्या शक्तींत फरक पडत नाहीं, फक्त पंपावरच्या खेपा वाढतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीस हें साधत नाहीं. ती ठरलेल्या छिद्रांतून ठरलेलाच थेंब सोडते, मिश्रण दुबळें होतें, आणि गाडी खरोखरच अडखळते. तिच्या रबरी नळ्यांसहि इथेनॉल सोसत नाहीं.

दुसरी बाजू अशी कीं, इथेनॉलचें ऑक्टेन शंभराच्याहि वर आहे. शिशानें जें काम विष पसरवून केलें, तें उसाचा रस विनातक्रार करतो. पण हा गुण फुकटचा पडून राहतो, जर एंजिनाचें दाबप्रमाण जुनेंच ठेवलें तर. दहाचें प्रमाण बारावर नेलें तर गणितानें पांच टक्के परत मिळतात, म्हणजे सातांतले पांच. ब्राझील देशानें १९७९ पासून अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी काढल्या, तेव्हां एंजिनांचें दाबप्रमाण मुद्दाम वाढवूनच त्या काढल्या. आपल्याकडे इंधन अगोदर बदललें आणि एंजिनें मागाहून बदलत आहेत. या मधल्या काळाचा भुर्दंड जुन्या गाडीच्या मालकावर पडतो, आणि त्यानें तक्रार केली तर ती अडाणीपणाची म्हणून उडवून लावणें न्यायाचें नाहीं. आणि ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्या लातूरच्या उसांतून हें ऑक्टेन निघतें, हेंहि हिशेबाच्या वहींत कोठें तरी मांडलें पाहिजे.

सी. सी. चा आंकडा इतका लोकप्रिय होण्यास सरकारचाहि हातभार लागलेला आहे. इंग्लंडांत १९२१ पासून मोटारीवरील कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरे. परिणामीं तेथील एंजिनकारांनीं अरुंद व उंच सिलिंडर करण्याचा सपाटा लावला. भारतांत पेट्रोल मोटारीस १२०० सी. सी. ची आणि चार मीटर लांबीची मर्यादा ओलांडली कीं कर चढतो. बाजारांतील इतक्या मोटारी ११९७ किंवा ११९९ सी. सी. च्याच कां, याचें उत्तर यंत्रशास्त्रांत शोधण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिली जुनी गाडी घेणाऱ्याची गोष्ट, आणि लातूर-नांदेडकडे नव्या गाड्यांच्या बरोबरीनें जुन्या गाड्यांचाहि व्यापार मोठा आहे. सी. सी. कधीं बदलत नाहींत. वीस वर्षांनींहि कागदावर ७९६ च असतात. दाब मात्र बदलतो. दट्ट्याभोंवतीचीं कडीं झिजलीं किंवा झडपा नीट बसेनाशा झाल्या कीं दाबलेली हवा फटींतून निसटते, आणि नवाचें प्रमाण नांवापुरतें उरतें. उलट काजळीचे थर बसले तर डोक्याजवळची जागा कमी होऊन प्रमाण नकळत वाढतें, आणि कधीं न ठोकणारी गाडी ठोकावयास लागते, दोन सी. सी. काजळी नवाचे साडेनऊ करते. म्हणून चोखंदळ मिस्त्री गाडीचा रंग पाहण्यापूर्वीं ठिणगीचे प्लग काढतो, त्या छिद्रांत दाबमापक बसवितो आणि एंजिन नुसतें फिरवून प्रत्येक सिलिंडरचा आंकडा खडूनें फरशीवर लिहितो. तिन्ही आंकडे एकमेकांच्या जवळ असले तर चिंता नाहीं. एखादा फारच खालीं असला तर तो त्या छिद्रांत चमचाभर एंजिन-तेल सोडून पुनः मोजतो. आंकडा वर आला तर कडीं गेलीं, कारण तेलानें फट तात्पुरती भरली. आंकडा तिथेंच राहिला तर दोष झडपांचा किंवा गॅस्केटचा. ही परीक्षा पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि ती करूं देण्यास जो विकणारा कांकूं करतो, त्याची गाडी न घेतलेलीच बरी.